विद्यापीठाच्या रिपॉझिटरीतले मराठी प्रबंध गुगल स्कॉलरवर का दिसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठाने डीस्पेस, म्हणजे प्रबंध-लेखांचं ऑनलाइन भांडार (रिपॉझिटरी) चालवायचं सॉफ्टवेअर, बसवून काही वर्षं झाली, काही हजार प्रबंध चढवले, त्यातले बरेच मराठीतले, आणि तरी गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या संशोधनासाठीच्या शोधसेवेवर, शोधलं तर मोजकेच सापडतात. आता कुलगुरू विचारतायत की एवढा खर्च करून उपयोग काय झाला, आणि देशभरातले प्रबंध ठेवणारी शोधगंगा आहेच तर आपली वेगळी रिपॉझिटरी कशाला, शिवाय सॉफ्टवेअर बदलायचा विचारही चाललाय. सर, मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करतेय म्हणून जरा लांब उत्तर देते.

सॉफ्टवेअर बदलायचा विचार आधी थांबवा. डीस्पेस २००२ साली एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि एचपी लॅब्जने मिळून बाहेर काढलं, आज जगभर चालतं, खुद्द शोधगंगा त्याच्यावरच उभी आहे. आवृत्ती जुनी असेल तर अपग्रेड करा, सहाव्या आवृत्तीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपलाय, पण दोष बहुतेक वेळा आत चढवलेल्या फाइलींत आणि त्यांच्या नोंदींत असतो. त्या फाइली नि नोंदी तशाच उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तर तिथेही त्या दिसणार नाहीत.

पाच मिनिटांची एक तपासणी करा. कुठलाही मराठी प्रबंध उघडा, मधल्या एखाद्या पानावरचं एक वाक्य माउसने सिलेक्ट करा आणि कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. सिलेक्टच झालं नाही तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. सिलेक्ट झालं पण पेस्ट केल्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असलं काहीतरी आलं तर प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव, आकृती, किरण असल्या युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. मराठीच आली पण वेलांट्या भलत्या अक्षरांना लागल्यात, जोडाक्षरं फुटलीत, मधेच चौकोन आलेत, तर युनिकोड आहे पण पीडीएफ करताना बिघडलंय. आणि वाक्य जसंच्या तसं आलं तर ती फाइल चांगली आहे. असे वेगवेगळ्या विभागांचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे पन्नासेक प्रबंध तपासून एक तक्ता करा, कुलगुरूंपुढे ठेवायला यापेक्षा चांगला कागद नाही.

तुमच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे जुन्या फॉन्टमधल्या, फाइली भरपूर निघतील असं मी आत्ताच सांगते, आणि हाच प्रकार सगळ्यात अवघड आहे. हे फॉन्ट कसं काम करायचे, तर रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवायचा. डोळ्याला ‘शेतकरी’ दिसतं पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात आणि गुगलला फक्त तीच दिसतात. म्हणजे त्या प्रबंधात महिला बचत गटांवर तीनशे पानं असली तरी ‘बचत गट’ हे शब्द मशीनच्या लेखी त्यात एकदाही येत नाहीत. २०१०च्या आसपासपर्यंतचे बहुतेक मराठी प्रबंध डीटीपीवाल्याकडून असेच टाइप होऊन आलेत, आणि काही ठिकाणी अजूनही येतात. इंग्रजी प्रबंधांना हा त्रास नाही. म्हणून विद्यापीठाचं विज्ञान दिसतं आणि मराठी विभाग, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र दिसत नाही, मग लोक समजतात की तिथे संशोधनच होत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या गावांबद्दल, बोलींबद्दल, साखर कारखान्यांबद्दल, दुष्काळाबद्दल जे काही बारकाईने लिहिलं गेलंय ते मुख्यतः याच विभागांत आहे.

यात अजून एक गोम आहे. अशा फाइलींवर ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) चालवायला गेलात तर ओसीआरचं टूल बघतं की पानावर मजकूर आधीच आहे आणि ते पान सोडून देतं किंवा एरर देऊन थांबतं. लोकांना वाटतं ओसीआर झालं, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. त्यासाठी जबरदस्तीने ओसीआर करायचा पर्याय वापरावा लागतो. ओसीआरमायपीडीएफ नावाचं फुकट टूल आहे, आत टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन वापरतं, त्यात ‘फोर्स ओसीआर’ असा पर्याय आहे, तो दिला की प्रत्येक पानाचा आधी फोटो करून मग नव्याने वाचलं जातं. भाषा देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, कारण संदर्भसूचीत, तक्त्यांत, तळटिपांत इंग्रजी असतंच. मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल संशोधकाकडे नाहीतर डीटीपीवाल्याकडे शिल्लक असेल तर ती मिळवा आणि फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, ओसीआरपेक्षा ते जास्त अचूक निघतं, फक्त रफार, ‘ऱ्या’ची जोडणी आणि अर्धी अक्षरं तपासावी लागतात. मूळ फाइल मिळाली नाही तरी अडून बसू नका. ओसीआर शंभर टक्के बरोबर यायची गरज नाही, वाचणाऱ्याला वर मूळ पानच दिसतं, ओळखलेला मजकूर त्याच्या खाली लपलेला असतो आणि तो फक्त शोधासाठी, त्यामुळे दहातले नऊ शब्द बरोबर आले तरी प्रबंध सापडायला लागतो.

स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांना हेच लागू. नवीन स्कॅनिंगचं टेंडर काढताना तीनशे डीपीआय, सरळ पान आणि ओसीआर केलेला मजकुराचा थर या तिन्ही गोष्टी लेखी घाला आणि बिल पास करायच्या आधी वरची नोटपॅडची तपासणी स्वतः करा. एका विद्यापीठात मी पाहिलंय, हजारो पानं स्कॅन होऊन आली, पैसे दिले गेले, आणि सगळी पानं नुसते फोटो. एजन्सीचं म्हणणं बरोबरच होतं की टेंडरमध्ये ओसीआर लिहिलेलंच नव्हतं.

तिसरा प्रकार, म्हणजे युनिकोड असून बिघडलेला, हा नव्या प्रबंधांत येतो. वर्डमधून प्रिंटचा पर्याय वापरून पीडीएफ केली की देवनागरीचा मजकूर बऱ्याचदा विस्कटतो. ‘सेव्ह ॲज’ किंवा एक्स्पोर्टने करा आणि पीडीएफ-ए हा, म्हणजे दीर्घकाळ जपायच्या पीडीएफचा, पर्याय निवडा. सोबत वर्डची फाइलही जमा करून घ्या आणि ती रिपॉझिटरीत बंद ठेवा, लोकांना दिसणार नाही पण पुढे कधी पीडीएफ नव्याने करायची वेळ आली तर हाताशी असेल. आणि प्रबंध युनिकोडमध्येच हवा हा नियम पीएचडीच्या विद्यापीठ परिपत्रकात घाला. ग्रंथालयाने विनंती केली तर कोणी ऐकत नाही, परीक्षा विभागाने फॉर्म परत पाठवला की दुसऱ्या दिवशी युनिकोड होऊन येतं.

आता गुगल स्कॉलरबद्दल. साध्या गुगलपेक्षा त्याच्या अटी जास्त कडक आहेत आणि त्या त्यांनी उघड लिहून ठेवल्यात, तरी आपल्याकडे फार थोडे लोक वाचतात. पीडीएफमध्ये शोधता येईल असा मजकूर हवा, फाइल पाच एमबीच्या आत हवी, लॉगिन न मागता निदान पूर्ण सारांश तरी दिसायला हवा, सारांशाशिवाय नुसती शीर्षक-लेखकाची नोंद असेल तर ते ती घेत नाहीत. तुमच्या किती नोंदींत सारांश आहे ते बघा. माझ्या पाहण्यात जुन्या प्रबंधांच्या नोंदीत तो जवळजवळ नसतोच, कारण डेटा एंट्री करणाऱ्याला कव्हरवरून जेवढं मिळालं तेवढंच भरलेलं असतं. प्रस्तावनेतून किंवा निष्कर्षाच्या प्रकरणातून दीडदोनशे शब्द उचलून भरले तरी चालतं. फाइल मोठी असेल तर स्कॅन कॉम्प्रेस करा, पण अक्षरं पुसट होईपर्यंत नाही.

प्रकरणांच्या वेगळ्या फाइली हा अजून एक घोळ. शोधगंगेला प्रबंध देताना शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरण एक, प्रकरण दोन अशा सुट्या पीडीएफ करतात आणि तीच रचना लोक आपल्या रिपॉझिटरीत जशीच्या तशी टाकतात. डीस्पेस स्कॉलरला एकाच पीडीएफचा पत्ता देतं, कुठली फाइल मुख्य ते सांगितलं नसेल तर बऱ्याचदा पहिलीच, म्हणजे शीर्षकपान. एका पानाची फाइल. तिथून स्कॉलर काय वाचणार? म्हणून पूर्ण प्रबंधाची एक फाइल करून तिला प्रायमरी ठरवा, प्रकरणं हवी तर खाली राहू द्या.

नोंदींतल्या चुका तर विचारू नका. १९७४चा प्रबंध २०२१चा म्हणून दिसतो, कारण ‘डेट इश्यूड’मध्ये स्कॅन केल्याची तारीख पडलीय. मार्गदर्शकांचं नाव लेखकाच्या रकान्यात असतं, मग एका प्राध्यापकांच्या नावावर वीस पीएचड्या दिसतात आणि ज्यांनी रक्त आटवून प्रबंध लिहिला त्यांचं नाव कुठेच नाही. डीस्पेसमध्ये मार्गदर्शकासाठी ॲडव्हायझर असा वेगळा रकाना आहे, नाव तिथे हलवा, एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करून एकगठ्ठा दुरुस्ती करता येते. शीर्षक देवनागरीत मूळ जसं आहे तसं द्या, आणि पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजी भाषांतर आणि रोमन लिपीतलं रूप दोन्ही भरा, कारण दिल्लीत किंवा जर्मनीत बसून महाराष्ट्रावर काम करणारे बरेच अभ्यासक मराठी वाचतात पण शोधताना रोमनमध्येच टाइप करतात. सारांशही शक्य तिथे दोन्ही भाषांत द्या.

मराठीत शोधाची अजून एक अडचण आहे, ती इंग्रजीत शिकलेल्या आयटीवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपली नामं विभक्तीला बदलतात. ‘शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास’ या शीर्षकात ‘शेतकरी’ हा शब्दच नाही, आणि डीस्पेसच्या शोधयंत्राला मराठीचे प्रत्यय काढून मूळ शब्दाशी जोडायला येत नाही. म्हणून विषयशब्दांत मूळ रूप घाला, शेतकरी, दुष्काळ, ऊसतोड कामगार, लोकगीत, असं. दुसरं म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हेने टाइप होतं. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टाइप केलं काय किंवा ‘अ’वर चंद्र देऊन केलं काय, डोळ्याला सारखंच, मशीनला वेगळं. ‘ऱ्या’चंही तसंच, त्यात न दिसणारं जोडचिन्ह असतं किंवा नसतं. एक पद्धत ठरवा, जुन्या नोंदी शोधून-बदलून एकसारख्या करा आणि आयटीवाल्यांना सांगा की डीस्पेसच्या आतल्या सोलर या शोधयंत्रात भारतीय लिप्यांसाठी नॉर्मलायझेशनचे, म्हणजे अशी रूपं एकसारखी करणारे, फिल्टर आधीपासून आहेत, ते चालू करून बघा.

नावांचा गुंता आपल्याकडे फार. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, लग्नाआधी एक आडनाव आणि नंतर दुसरं, शिवाय मराठी लेखात देवनागरी आणि इंग्रजी लेखात आद्याक्षरं. एकाच बाईंचं संशोधन चार नावांत वाटलं जातं आणि एकूण काम कोणालाच दिसत नाही. ऑर्किड हा संशोधकांसाठीचा सोळा अंकी आयडी २०१२पासून आहे, फुकट आहे, त्यात सगळी नावं ‘यानेही ओळखतात’ म्हणून घालता येतात. पीएचडीच्या रजिस्ट्रेशनलाच तो काढून घ्या आणि नोंदीत भरा. विद्यापीठांच्या नावाचंही तेच आहे, पुणे विद्यापीठ २०१४ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, आणि जुन्या-नव्या, मराठी-इंग्रजी सगळ्या रूपांत नोंदी विखुरल्यात. प्रबंधावर जे नाव छापलंय ते ठेवायचंच, पण संस्थेसाठी आरओआर आयडी, म्हणजे संशोधन संस्थांचा ओळखक्रमांक, सगळ्या नोंदींत एकच द्या.

तांत्रिक बाजू आयटीवाल्यांकडून एकदा तपासून घ्या, फार वेळ लागत नाही. रोबोट्सच्या फाइलीत (शोधयंत्रांच्या बॉटना काय बघायचं ते सांगणाऱ्या) सगळी साइटच बंद केलेली नाही ना, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, रोज तयार होतोय ना, साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट संपलेलं नाही ना. डीस्पेस सातच्या पुढे असाल तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून एक नोंद उघडा, पान कोरं दिसलं तर सर्व्हर साइड रेंडरिंग (पान सर्व्हरवरच तयार करून पाठवणं) चालत नाहीये आणि गुगल स्कॉलरलाही ते कोरंच दिसण्याची शक्यता आहे. अलीकडे एआय कंपन्यांचे बॉट रिपॉझिटऱ्यांवर तुटून पडतात, सर्व्हर झोपतो, मग फायरवॉलवाले वैतागून सगळ्याच बॉट्सना किंवा परदेशी पत्त्यांना बंद करतात आणि त्यात गुगलचा बॉटही जातो. बंद करा, पण गुगलबॉटला आणि बीएएसई, कोअर यांसारख्या हार्वेस्टरना, म्हणजे रिपॉझिटऱ्यांतल्या नोंदी गोळा करणाऱ्या सेवांना, वाट ठेवून. ओएआय-पीएमएच ही नोंदी देण्याघेण्याची सोय चालू ठेवा, त्यातूनच हे लोक आणि आपली नॅशनल डिजिटल लायब्ररी नोंदी उचलू शकतात.

आणि हँडल, म्हणजे प्रत्येक नोंदीची कायमस्वरूपी लिंक. तुमच्या लिंकमध्ये १२३४५६७८९ असा आकडा आहे का बघा. भारतातल्या कितीतरी रिपॉझिटऱ्यांत तो आहे, कारण डीस्पेस बसवल्यावर तो नमुन्यादाखल येतो आणि स्वतःचा प्रीफिक्स, म्हणजे संस्थेचा सुरुवातीचा आकडा, नोंदवून बदलायचा असतो, ते कोणी करत नाही. मग कोणी प्रबंधाचा संदर्भ देताना हँडलची लिंक दिली तर ती उघडतच नाही. फी किरकोळ आहे, नोंदवून टाका. सर्व्हर किंवा आवृत्ती बदलताना जुन्या लिंका नव्याकडे वळवायला विसरू नका, डीस्पेसच्या जेएसपीयूआय आणि एक्सएमएलयूआय या जुन्या रूपांच्या काळातल्या लिंका लोकांच्या लेखांत, विकिपीडियावर, दुसऱ्यांच्या प्रबंधांत छापल्या गेल्यात.

आता शोधगंगा. २००९च्या यूजीसी नियमावलीपासून प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं आलं, २०१६मध्ये पदवी जाहीर करायच्या आधी शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटला द्यायची असं ठरलं, आणि त्यामुळे देशातले प्रबंध एका जागी आले, हे फार मोठं काम झालंय. तिथे द्यायचंच. पण शोधगंगा मुख्यतः पीएचडीच्या प्रबंधांसाठी आहे. तुमच्या प्राध्यापकांचे लेख, विभागांची नियतकालिकं, परिसंवादांचे खंड, विद्यापीठाने छापलेली आणि आता कुठेच न मिळणारी पुस्तकं, हे सगळं कुठे जाणार? एम.फिल. २०२२च्या नियमावलीने बंद झाली, तिचे लघुप्रबंध विभागांच्या कपाटांत पडलेत, त्यात एकेका तालुक्यावर, एकेका जत्रेवर, एकेका बोलीवर काम केलेलं आहे, आणि ते तुम्ही ठेवलं नाही तर दुसरं कोणी ठेवेलच असं नाही. आपल्याच भागात बघा, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे लेख कधीपासून उघडे ठेवलेत, गोवा विद्यापीठाची रिपॉझिटरी आहे, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने जुनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून डीस्पेसवर ठेवली आणि आज कितीजण गुगलवरून थेट तिथे पोचतात.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल्स वाचायला देणारी योजना आल्यापासून काही प्रशासकांना वाटतं की आता रिपॉझिटरीची गरजच संपली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, १३,००० जर्नल्स, हे आपल्या विद्यार्थ्यांसाठी चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण त्यातून आपण जगाचं वाचू शकतो, आपलं जग वाचू शकत नाही. ज्या बायकांनी घरचं काम बाजूला ठेवून आपल्या संशोधकांना मुलाखती दिल्या, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला फोनवर तो प्रबंध सापडायला हवा. ते काम रिपॉझिटरीनेच होतं.

हक्कांची बाजू थोडक्यात. वेगळा करार नसेल तर प्रबंधाचा कॉपीराइट संशोधकाचा असतो, त्यामुळे नव्यांकडून सबमिशनलाच संमतीपत्र घ्या, जुन्यांशी जमेल तसा संपर्क करा आणि कोणी हरकत घेतली तर लगेच काढता येईल अशी लेखी पद्धत साइटवर ठेवा. जर्नलमधल्या लेखाची प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ चढवू नका, स्वीकारलेलं हस्तलिखित बऱ्याच जर्नल्सना चालतं, कधी काही महिने थांबून. ते शेर्पा रोमिओवर बघायचो, आता ब्रिटनच्या जिस्क संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडरवर मिळतं. प्राध्यापक ते हस्तलिखित हरवून बसतात, म्हणून लेख स्वीकारल्याची मेल आली की त्याच दिवशी ग्रंथालयाला पाठवायची सवय लावा. नॅकच्या मूल्यांकनाआधी महिनाभर धावपळ करून काही मिळत नाही.

कुलगुरूंना डाउनलोडचे आकडे दाखवताना बॉट वगळून दाखवा, नाहीतर लाखांत आकडा दिसेल आणि वाचणारे मूठभर असतील. त्याऐवजी पन्नास शीर्षकं निवडा, अवतरणचिन्हांत घालून स्कॉलरवर शोधा, किती सापडली ते लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तीच पन्नास पुन्हा शोधा. एक गोष्ट त्यांना आत्ताच सांगून ठेवा: नवीन नोंदी स्कॉलर तशा लवकर घेतं, पण आधी घेतलेल्या नोंदीत तुम्ही केलेली दुरुस्ती तिथे दिसायला सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोपर्यंत कोणी म्हणेल काही फरक पडला नाही, बंद करा.

सगळी रिपॉझिटरी एकदम हातात घेऊ नका. मराठी विभाग घ्या, त्यातले युनिकोडआधीच्या फॉन्टमधले प्रबंध वेगळे काढा, एक चांगला संगणक रात्रभर ओसीआरला लावा आणि दिवसा एक माणूस सारांश, वर्ष आणि मार्गदर्शकाचा रकाना दुरुस्त करायला बसवा. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी इंटर्नशिपला मिळतात, त्यांना हे काम शिकवलं की चांगलं करतात. फोर्स ओसीआर करताना कुठे अडलात तर फाइलीतलं एखादं पान आणि आलेला एरर इथेच टाका, बघून सांगते.